ती आकृती भिंतीवर मी लावली

ही गोष्ट खरी सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. खोटी मात्र पुष्कळदा सांगितली. मीरा-भाईंदरमध्ये तरुण मुलामुलींचे गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांची शिबिरं आम्ही घ्यायचो. त्यांत एक प्रसंग मी हमखास सांगायचो. एका मुलीने आपल्या मनातली गोष्ट रंगांत उतरवली, स्वतःच्या हाताने भिंतीवर लावली, ती तिच्या वडिलांनी पाहिली आणि त्या घरात हळूहळू बदल झाला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. चहाच्या वेळी कोणीतरी जवळ येऊन म्हणायचं, सर, त्या मुलीची हिंमत बघा. मी मान हलवायचो.

त्या गोष्टीत बाकी बरंचसं खरं आहे. फक्त भिंतीवर लावणारे हात तिचे नव्हते, माझे होते. आणि मी तिला विचारलं नव्हतं.

सन दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. मी शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. पी.टी. शिकवायचो. मूळ गाव रत्नागिरीकडे, संसार भाईंदर पूर्वेला दोन खोल्यांत. गळ्यात शिट्टी, तोंडात सावधान-विश्राम, आणि कोणाचे खांदे पुढे आले की मागून जाऊन सरळ करायचे, एवढीच माझी विद्या. एका ओळखीच्या माणसाने आमच्या संस्थेत नेलं. संस्था म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली, एक लोखंडी कपाट आणि शनिवार-रविवारी मिळणारा एका शाळेचा हॉल.

गटांचं काम करणारी मुलं वेगवेगळ्या ठिकाणांहून यायची. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिशचं काम करणारी, बोटांच्या रेषांत काळं साचलेली मुलं होती. किनाऱ्याकडच्या डोंगरीहून बसने येणारी होती, मुर्धा गावची होती, थेट चेण्याहून येणारी एक जोडगोळी होती. संध्याकाळी आपापल्या वस्तीत ही मुलं पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींना गोळा करायची, खेळ घ्यायची, गप्पा मारायची. त्या पोरांशी बोलावं कसं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं ऐकावं कसं, हे त्यांना शिकवायचं होतं. आणि ते भाषण देऊन नाही, अंगाने, हालचालीने, रंगांनी.

ही पद्धत आणली आमच्या चित्रकार ताईंनी. चित्रकलेच्या शिक्षिका, नाटकात थोडी वर्षं घालवलेल्या, वयाने माझ्याहून खूप लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी शिट्टी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली. मग सगळ्यांना हॉलभर चालायला सांगितलं. आधी स्वतःसारखं, मग घाईत असल्यासारखं, मग आपल्या वडिलांसारखं. डोंगरीचा एक मुलगा वडिलांसारखं चालायला लागला तो पाय फाकवून, डुलत, होडीत उभा असल्यासारखा. सगळे हसले, तोही हसला, आणि मग हसू थांबवून तसाच डुलत चालत राहिला. पॉलिशवाल्या मुलांपैकी एक म्हणाला, "ताई, दिवसभर मशीनवर उभा असतोय. इथे पण उभंच राहायचं, तर सुट्टी कशाला मारली?" ताईंनी सगळ्यांना जमिनीवर आडवं व्हायला लावलं. पाच मिनिटांत तो घोरायला लागला. ताई म्हणाल्या, झोपू दे, त्याच्या अंगाला तेच सांगायचंय.

मला हे सगळं थोडं पोरकट वाटत होतं. पण मी शिकलो. कोणाचा खांदा पुढे आलेला दिसला की तो सरळ करायचा नाही, तो का पुढे आलाय याची वाट बघायची, एवढं कळायला मला वर्ष लागलं असेल.

दुसरा भाग कोचिंगचा. भाईंदरमध्ये कोचिंग म्हटलं की लोकांना दहावीचे क्लास आठवायचे, त्यामुळे कित्येक घरांत पोरं क्लासला जातात असाच समज होता, आणि तो कोणी फारसा दूरही केला नाही. आमच्या कोचिंगमध्ये दोघांनी बाजूबाजूला बसायचं. एकाने आपली अडचण सांगायची, दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. तीस वर्षं मैदानावर हुकूम सोडलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, विचार करा.

आणि तिसरा भाग आकृत्यांचा. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छापखान्यातून उरलेले कागदाचे रोल आम्ही आणायचो. माणसाच्या उंचीचा कागद जमिनीवर पसरायचा. एकाने त्यावर उताणं झोपायचं, जोडीदाराने खडूने त्याच्या अंगाभोवती रेघ काढायची. मग ज्याने त्याने आपल्या आकृतीत रंग भरायचे. भीती कुठे बसलीय, राग कुठे, आनंद कुठे. लिहायचं काहीच नाही, नावसुद्धा नाही. आणि ताईंचा एक नियम होता, त्यात त्या कोणाचं ऐकायच्या नाहीत. रंगवून झालं की ज्याची आकृती त्याने स्वतः गुंडाळायची, सुतळीने बांधायची. घरी न्यावी, फाडावी, जाळावी, त्याची मर्जी. दुसऱ्याने ती उलगडायची नाही. त्या म्हणायच्या, "कपडे काढलेल्या माणसाला आपण बघत नाही ना? मग हेही नाही."

मुर्ध्याची ती मुलगी याच तुकडीतली. बाविशीच्या आसपासची. घर जुनं, एकेकाळी मिठागरं आणि भातशेती असलेलं. आता वडिलांनी थोडी जमीन विकून रेती-सिमेंटचं दुकान टाकलं होतं. गावातल्या मुलींचा गट ती चालवत होती. चालताना, वळताना, थांबताना तिच्या अंगात जी सहजता होती ती मी माझ्या सगळ्या नोकरीत क्वचित पाहिली. लहानपणी ती मिठागराच्या बांधावरून पडली होती. डावा हात मोडला, तो गावातल्याच कोणीतरी बसवला, आणि कोपर जरा बाहेरच्या बाजूला वळलेलंच राहिलं. त्या हातासकट ती डौलदार होती.

कोचिंगमध्ये तिची जोडी माझ्याशी लागली. तिचा साखरपुडा झाला होता. मुलगा वाईट नव्हता, घर चांगलं होतं, पण लग्नानंतर हे असलं फिरणं, गट-बिट बंद, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वडिलांना ती अट वावगी वाटली नव्हती. तिला लग्न मोडायचं होतं. वडिलांना स्वतः सांगायचं होतं. गावदेवीची जत्रा झाली की सांगेन, असं तिने ठरवलं होतं, कारण त्याआधी घरात पाहुणे असणार होते.

आम्ही त्याचा सराव केला. मी तिचे वडील व्हायचो, खुर्चीत बसायचो. ती समोर उभी राहायची आणि आवाज गळ्यात अडकायचा. मी सल्ला दिला नाही, याचं मला अजून समाधान आहे. मी फक्त विचारत राहिलो. आता पाय कुठे आहेत? मान कुठे आहे? कितीतरी शनिवार गेले. मग एकदा तिने माझी खुर्ची बाजूला सारली, मला जमिनीवर बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसली. म्हणाली, "समोरून नाही जमत, सर. बाबा संध्याकाळी ओटीवर बसतात ना, तेव्हा बाजूला बसून जमेल." आणि सगळं बोलली, न अडखळता. मी वडिलांच्या भूमिकेत होतो आणि माझेच डोळे ओले झाले.

तिच्या आकृतीत हेच सगळं होतं. पावलांत पिवळा आणि हिरवा, अगदी उजळ. गळ्याशी रेघांचा गुंता. आणि डाव्या हाताचं अंगठीचं बोट काळं, त्यातून निघून गळ्यापर्यंत गेलेला एक काळा दोरा. गुंडाळून झाल्यावर ती माझ्याकडे आली. "सर, घरी जागा नाही लपवायला. जत्रा होईपर्यंत तुमच्या कपाटात ठेवाल?" कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. मी ठेवली.

जत्रेच्या आधी आमच्या शिबिराचा समारोप आला. हॉल देणारी मंडळी, गावातले चार मानाचे लोक, मुलांचे आईवडील, सगळ्यांना बोलावलं होतं. पुढची तुकडी होणार की नाही हे त्या लोकांवर होतं. आदल्या दिवशी अध्यक्ष हॉल बघून म्हणाले, "सर, भिंती किती रिकाम्या. मुलांनी वर्षभर केलं काय, ते दिसायला नको?" रात्रभर माझ्या डोक्यात तेच. सकाळी मी लवकर गेलो, कपाट उघडलं. चार-पाच गुंडाळ्या होत्या. काही मुलं न्यायची विसरली होती, आणि एक तिची. मी सुतळ्या सोडल्या. मला ताईंचा नियम आठवत होता, विसरलो होतो असं म्हणणार नाही. पण मी मनाशी म्हटलं, नाव कुठे आहे कोणाचं? कोणाला कळणार आहे? तिची आकृती सगळ्यांत सुंदर होती, म्हणून ती हॉलच्या भिंतीवर मधोमध लावली.

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांची शरीरं बघितली, त्याला हे सुचू नये. अंगाच्या रेघेला नाव लागत नाही.

ताई त्या दिवशी उशिरा पोचल्या, कार्यक्रम सुरू झाल्यावर. ती मुलगी आतल्या खोलीत स्वयंसेवकांबरोबर खुर्च्या काढत होती, भिंतीकडे अजून आली नव्हती. तिचे वडील आले, आणि त्यांच्याबरोबर होणारे व्याहीही आले, कारण दोघे त्या दिवशी कुठल्याशा खरेदीला निघाले होते. दोघे भिंतीजवळून चालत आले. व्याही थांबून हसत म्हणाले, "या बोटाचा रंग संपला वाटतं." वडील हसले नाहीत. त्यांनी कागदावरच्या त्या वळलेल्या कोपरावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी शेजारीच उभा होतो. मी म्हणालो, या नुसत्या आकृत्या आहेत, नाव कोणाचंच नाही.

"नाव कशाला पायजे, मास्तर? ह्यो हात माज्या पोरीचा हाय."

तेवढ्यात ती बाहेर आली. वडिलांनी तिथूनच विचारलं, आवाज न चढवता, "ह्या बोट काला का केलास?" तिने आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वडिलांकडे नाही, माझ्याकडे. मी खाली वाकलो आणि माईकची वायर सरळ करू लागलो. ती वायर सरळच होती.

तिने एक-एक पिन काढली, आकृती गुंडाळली, वडिलांना म्हणाली, "घरी सांगतंय, बाबा." आणि दोघं निघून गेली. तिचं प्रमाणपत्र टेबलावर राहिलं.

कार्यक्रम पुढे रेटला. संपल्यावर अध्यक्षांनी मला गाठलं. हा काय प्रकार, ते चित्र तिथे कोणी लावलं? ताईही ऐकत होत्या. मी म्हणालो, "तिनेच लावलं. तिला सांगायचं होतं घरी." वाक्य तोंडातून आलं तेव्हा मला वाटलं, आजचा दिवस निभावू, उद्या दुरुस्त करू. पण अध्यक्षांचा चेहरा उजळला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझी शिट्टी, जी वर्षभर त्यांच्या पर्समध्ये होती, टेबलावर ठेवली. पुढच्या तुकडीला त्या आल्या नाहीत. का नाही, ते मी कधी विचारलं नाही.

अध्यक्ष भला माणूस. दोन दिवसांनी ते मुद्दाम मुर्ध्याला तिच्या घरी गेले आणि वडिलांना सांगून आले की तुमच्या मुलीने स्वतः ते लावलं, तुम्हाला अभिमान वाटायला हवा. माझं वाक्य असं त्या घरात जाऊन बसलं.

महिन्याभराने ती ऑफिसात आली. वाळली होती. लग्न मोडलं होतं. व्याह्यांनीच निरोप पाठवला होता. त्याचं तिला दुःख नव्हतं. ती ओटीवर वडिलांच्या शेजारी बसून सगळं बोललीही होती, जसं ठरवलं होतं तसं. वडील लग्नाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं होतं, मला सांगायच्या आधी साऱ्या गावाला का दाखवलंस? आपण ते लावलं नाही, असं ती सांगत होती. त्यांचं म्हणणं, मग तो मास्तर तिथंच उभा होता, तो का बोलला नाही?

"एकदा घरी याल, सर? तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील. बाकी काही नको."

मी हो म्हणालो. रविवारी येतो म्हणालो. रविवारी स्टेशनवरून बसमध्ये बसलोही, मुर्ध्याला उतरलो, आणि स्टॉपवरच उभा राहिलो. समोरून परतीची बस आली, तिच्यात चढलो. असं एकदा नाही झालं. तिने पुन्हा विचारलं नाही.

आता जे झालं ते चांगलंच झालं, आणि त्यात माझा काही वाटा नाही, हे लिहून ठेवतो. ती गटाचं काम करत राहिली. वडील तिला अडवत नव्हते, नुसते बोलत नव्हते. ती रोज संध्याकाळी ओटीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. बोलली तर बोलली, नाही तर नाही. हे तिच्या गटातल्या एका मुलीकडून मला कळायचं. कधीतरी वडील बोलू लागले. आधी दुकानाचं, मग गटाचं. मुली पावसात कुठे बसतात, असं त्यांनीच विचारलं. आणि मग घरामागची मिठाची जुनी वखार, जी भाड्याने देण्याचं चाललं होतं, ती त्यांनी मुलींना साफ करून दिली. पत्रे नवे घातले, जमीन गुळगुळीत करून घेतली, कारण आडवं झोपायचं तर खडे टोचतात हे त्यांना मुलीने सांगितलं होतं.

त्या जागेत तिने काही वर्षांनी स्वतःची शिबिरं सुरू केली. पहिल्या दिवशी मला बोलावलं. मी गेलो. चाळीसेक तरुण होते. राई गावचे, डोंगरीचे, मीरा रोडच्या नव्या सोसायट्यांतलेही, निम्मे हिंदीत बोलणारे. घोरणारा तो पॉलिशवाला मुलगा आता तिथे हालचालीचं सत्र घेत होता आणि एका दांडगट पोराला सांगत होता, "टाइट मत रह, भाई, कोई मारनेवाला नहीं है इधर." मला इतकं बरं वाटलं की मी क्षणभर सगळं विसरलो.

तिचे वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. थकले होते. त्यांनी मला शेजारी बसवलं, चहा मागवला. मुलांच्या चालण्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "मास्तर, तवा मना लय राग आला हुता. पोरीनं गावात माजी मान खाली घातली, असा वाटला. आता न्हाय. मी तिला माफ केला हाय."

ती आमच्या मागेच उभी होती, चहाचे कप घेऊन. तिने कप ठेवले नाहीत. ती थांबली. मला माहीत आहे ती कशासाठी थांबली होती.

मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं, तेही लिहितो. म्हातारा माणूस, इतक्या वर्षांनी शांत झालाय, आता कशाला ढवळा. सगळं जमून आलंय. पण तो विचार त्यांच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. जी गोष्ट तिने केलीच नव्हती, तिची माफी ती वडिलांकडून घेत होती, आणि देणाऱ्याला वाटत होतं आपण मन मोठं केलं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "मुलगी गुणाची आहे तुमची." तिने कप खाली ठेवले आणि आत गेली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिचे वडील वारले. मी शिबिरांत ती गोष्ट सांगायचं बंद केलं, पण ती इतरांनी उचलली होती. अजून कोणी सांगत असेल तर कृपा करून थांबवावी.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी तिला फोन केला. या वेळी तरी विचारायला हवं होतं. तिचा आवाज ऐकला, मागे कोणीतरी आकडे मोजत टाळ्या देत होतं. मी म्हणालो, त्या दिवसाबद्दल लिहायचंय, लिहू का? तुझं नाव, गावातलं घर, काही येणार नाही.

ती म्हणाली, "लिहा, सर. पण माझ्या बाजूचं नका लिहू, ते मी बघीन. तुमच्या बाजूचं लिहा."

मी बरं म्हटलं. ती फोन ठेवेना. मागच्या टाळ्या थांबल्या, तिने कोणाला तरी दोन मिनिटं थांबायला सांगितलं असावं. "आणखी काही बोलायचंय, सर?"

बोलायचं होतं. मी तुझ्या वडिलांपुढे येऊन सांगायला हवं होतं की ती आकृती मी लावली, तुझा त्यात दोष नव्हता. मी आलो नाही. मला माफ कर. इतकी वर्षं घोकलेलं होतं, शब्द तयार होते.

"नाही," मी म्हणालो. "तब्येत सांभाळ."